अँजेलिनाची अँजेलिन

‘अँजेलिन द बेकर’ ही अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगराळ मुलखातली फिडलवरची, म्हणजे व्हायोलिनवरची, नाचाची धून. व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना या भागांत जुन्या वळणाचे जे वादन चालते, त्याला तिकडे ‘ओल्ड-टाइम’ म्हणतात. त्या मंडळींत ही धून न येणारा वादक विरळाच. लोकधुनेचा कर्ता सहसा सापडत नाही. हिचा सापडतो, आणि तोही छापील कागदावर.

१८५० साली बॉल्टिमोरच्या एफ. डी. बेंटीन या प्रकाशकाने ‘अँजेलिना बेकर’ हे गाणे छापले. शब्द आणि चाल दोन्ही स्टीफन फॉस्टरची (१८२६–१८६४). फॉस्टर पिट्सबर्गजवळचा, म्हणजे उत्तरेतला. गोरे नट तोंडाला काळे फासून गुलामांची नक्कल करीत, त्या ‘मिन्स्ट्रेल’ खेळांच्या धर्तीवर हे गाणे लिहिलेले आहे. गाणारा मळ्यावर राबणारा गुलाम. एके सकाळी अँजेलिना दिसत नाही. विचारले तर गेली एवढेच कळते. कुठे गेली हे त्याला ठाऊक नाही. गुलामगिरीच्या त्या काळात असे नाहीसे होणे म्हणजे बहुधा विकले जाणे. करमणुकीसाठी रचलेल्या गाण्यात हे दुःख आले आहे खरे, पण नकलेच्या बोलीत आले आहे, हे विसरता येत नाही.

पुढे हे गाणे डोंगरात शिरले आणि कागदापासून सुटले. मळा, मालक, गुलाम सगळे गळून पडले. ‘बेकर’ या आडनावाचा धंदा झाला. नवी अँजेलिन चाळिशी ओलांडलेली, गावात राहणारी. मापेच्या मापे गोळ्या-चॉकलेटे देऊनही लग्नाला न बधणारी. चालही बदलली. फॉस्टरची छापील चाल आणि आजची धून शेजारी ठेवल्या तर नाते ओळखू येते, पण एकीवरून दुसरी वाजवता येणार नाही. १९२८ मध्ये व्हर्जिनियातल्या गॅलॅक्स भागातल्या ‘अंकल एक’ डनफर्ड यांनी व्हिक्टर कंपनीसाठी ती ध्वनिमुद्रित केली, तेव्हा तिचे नाव ‘अँजेलिन द बेकर’ असे झालेले होते.

धून डी या सुरात वाजते. डीला षड्ज मानले, तर बहुतेक वादकांच्या हातून तिच्यात सा, रे, ग, प, ध एवढेच पाच सूर निघतात. भूपाचेच सूर, पण चलन नाचाचे. मींड नाही, विस्तार नाही. धुनेचे दोन भाग: एक वरच्या सुरांत फिरणारा, दुसरा खालच्या. प्रत्येक भाग दोनदा वाजला की एक फेरी पुरी होते आणि लगेच दुसरी सुरू होते.

आज ही धून मॅन्डोलिनवरही वाजते, पण तिचा जन्म झाला तेव्हा अमेरिकेतल्या खेड्यांत मॅन्डोलिन जवळजवळ नव्हतेच. हे वाद्य मूळ इटलीचे. नेपल्समधल्या विनाचिया घराण्याने अठराव्या शतकात त्याला आजच्या जवळचे रूप दिले. १८८० मध्ये ‘स्पॅनिश स्टुडंट्स’ हा वाद्यवृंद अमेरिकेत आला. त्यांच्या हातात होता बांदुरिया हे स्पॅनिश तंतुवाद्य, पण लोकांनी त्यालाच मॅन्डोलिन समजून घेतले. मग अमेरिकेत असलेल्या इटालियन वादकांनी तसेच वृंद काढून खरोखरीचे मॅन्डोलिन हाती घेतले, आणि गावोगाव मॅन्डोलिनची लाट आली. मिशिगनमधल्या कॅलामाझूच्या ऑरव्हिल गिब्सनने व्हायोलिनसारखी कोरीव पाठ-पोट असलेली मॅन्डोलिने बनवून १८९८ मध्ये पेटंट घेतले. स्वस्त वाद्ये टपालाने माल पाठवणाऱ्या कंपन्यांच्या सूचीपत्रांतून थेट डोंगरातल्या घरांपर्यंत पोचली.

फिडलच्या धुना मॅन्डोलिनला लवकर बसल्या, त्याचे कारण तारा. मॅन्डोलिनच्या आठ तारा चार जोड्यांत असतात आणि त्या जी, डी, ए, ई अशा, म्हणजे फिडलच्याच सुरांत, लावतात. त्यामुळे बोटांच्या जागा त्याच राहतात. अँजेलिनसाठी तर डाव्या हाताला सरकायचेही काम नाही. मोकळी डी म्हणजे सा, तिच्याच दुसऱ्या पडद्यावर रे आणि चौथ्यावर ग. मोकळी ए म्हणजे प, दुसऱ्या पडद्यावर ध, पाचव्यावर तार सा. मोकळी ई तार रे देते, तिच्या दुसऱ्या पडद्यावर तार ग.

अडचण असते ती उजव्या हाताची. फिडलचा गज सूर हवा तेवढा लांबवतो. मॅन्डोलिनचा सूर नखीने छेडला की विरू लागतो. म्हणून लांब सुराच्या जागी वादक तोच सूर पुन्हा छेडतो, किंवा शेजारची मोकळी तार सोबत वाजवून पोकळी भरतो. नखी मात्रेवर खाली आणि अर्ध्या मात्रेवर वर, हा क्रम मोडला की नाचाची लय ढासळते. सूर चुकला तर चालतो, हा क्रम चुकून चालत नाही. शिकणाऱ्याने आधी प्रत्येक ओळ कुठे टेकते तो सूर धरावा, मग मधले ठळक सूर, आणि बारीक सूर शेवटी.

व्हर्जिनियातल्या ग्लेन लिनचे फिडलवादक हेन्री रीड (१८८४–१९६८) हे धून पुढे देण्याचे ठळक उदाहरण. १९६६–६७ मध्ये ड्यूक विद्यापीठातला विद्यार्थी ॲलन जबूर याने त्यांच्या धुना ध्वनिमुद्रित केल्या. त्यांत अँजेलिनही होती. जबूर स्वतः त्या फिडलवर शिकला आणि हॉलो रॉक स्ट्रिंग बँडमध्ये वाजवू लागला. त्या बँडमध्ये मॅन्डोलिनवर होता बर्ट्रम लेव्ही. शहरी तरुणांनी म्हाताऱ्या वादकाकडून धून घ्यायची आणि वाजवताना ती कोणाकडची ते सांगायचे, ही रीत या पिढीने रुजवली. रीड यांची ध्वनिमुद्रणे पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसने सर्वांना ऐकण्यासाठी खुली केली.

बैठकीत एकामागून एक एकट्याने वाजवायचे, ही पद्धत ब्लूग्रास या तिकडच्याच दुसऱ्या शैलीची. ओल्ड-टाइममध्ये सगळे एकत्र तीच धून फेरीमागून फेरी वाजवतात. त्यामुळे नवख्याला शिकायला भरपूर वेळ मिळतो: पहिल्या फेऱ्या नुसते ऐकावे, मग हळू आवाजात सूर चाचपावेत, नाहीतर गिटारच्या साथीत राहावे. शेवटची फेरी आली की धून सुरू करणारा पाय उचलून खूण करतो. आता स्वरलेखन आणि पडद्यांचे आकडे मांडलेले तक्ते सहज मिळतात, पण त्यांत एखाद्याच वादकाचा पाठ असतो आणि दुसऱ्या गावच्या बैठकीत तो जुळेलच असे नाही. अँजेलिनचा वरचा भाग आधी की खालचा, यावरच वादकांत मतभेद आहेत. फिडलवाला ज्याने सुरुवात करील तो त्या बैठकीपुरता पहिला.