चालते आहे, मग बदलायचे कशाला?

१/ महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली. पुढे त्र्यंबक रस्त्यालगतच्या सातपूरचे रूप पालटले. मायको, महिंद्र, सीएट यांसारखे मोठे कारखाने आले आणि त्यांच्याभोवती सुटे भाग घडवणारी लहान वर्कशॉप उभी राहिली. अशा वर्कशॉपांत एक समज मुरलेला असतो : लेथ नीट चालत असेल, तर तो उगाच बदलू नये. वेळेवर वंगण आणि नवे बेअरिंग मिळाले, की जुना लेथही अचूक काम देतो.

२/ हाच न्याय कचेरीतील संगणकाला लावला, की मात्र फसगत होते. ती कशी, हे ‘इंटरनेट एक्स्प्लोरर ६’ या ब्राउझरच्या इतिहासावरून समजते.

३/ टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये पहिला वेब ब्राउझर लिहिला. पुढे नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट यांच्यात तीव्र चुरस लागली. ऑगस्ट २००१ मध्ये एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती आली आणि विंडोज एक्सपीसोबत ती घरोघरी पोहोचली. तुल्यबळ प्रतिस्पर्धी उरला नाही, तशी सुधारणेची घाईही उरली नाही. सातवी आवृत्ती येण्यास ऑक्टोबर २००६ उजाडला.

४/ या पाच वर्षांत असंख्य संकेतस्थळे त्या एकाच ब्राउझरच्या मापाने बांधली गेली. अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळेही युनिकोडऐवजी स्वतंत्र फॉन्टवर चालत. दुसऱ्या ब्राउझरमध्ये तेथे मराठीच्या जागी निरर्थक चिन्हे दिसत.

५/ २००६ मध्येच ‘एमसीए २१’ प्रणाली आली आणि कंपन्यांची विवरणपत्रे डिजिटल सहीसह ऑनलाइन भरणे सक्तीचे झाले. लहानशा प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचीही त्यातून सुटका नव्हती. एखाद्या संगणकावर सही एकदा चालू लागली, की त्याला हात लावण्याचे धाडस कोण करणार? सही अडली, तर मुदत टळणार आणि भुर्दंड बसणार. जुना ब्राउझर केवळ आळसामुळे टिकला नाही. त्यामागे अशी रास्त भीतीही होती.

६/ १२ जानेवारी २०१० रोजी गूगलने आपल्यावरील सायबर हल्ल्याची माहिती जाहीर केली. पाठोपाठ मायक्रोसॉफ्टने मान्य केले, की अशा हल्ल्यांत एक्स्प्लोररमधील त्रुटी वापरली गेली आणि सहावी आवृत्ती लक्ष्य ठरली. फाइल उतरवून घेण्याचीही गरज नव्हती. सापळ्याचे पान उघडले, तरी पुरे होते. जर्मनी व फ्रान्स येथील सरकारी सुरक्षा यंत्रणांनी नागरिकांना तूर्त दुसरा ब्राउझर वापरण्याचा सल्ला दिला.

७/ २१ जानेवारीला दुरुस्ती आली. परंतु दुरुस्तीला एक दुसरी बाजू असते. जुना आणि नवा कोड ताडून पाहिला, की खिंडार कोठे होते हे हल्लेखोरालाही कळते. म्हणून प्रत्येक दुरुस्ती, ती न घेणाऱ्याला अधिक उघडे पाडते. लेथ वापराने झिजतो. ब्राउझर झिजत नाही, पण त्याची मर्मस्थाने जगाला कळत जातात.

८/ मार्च २०११ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टनेच सहावी आवृत्ती हद्दपार करण्याची मोहीम उघडली. ८ एप्रिल २०१४ रोजी विंडोज एक्सपीच्या नियमित दुरुस्त्या थांबल्या. १५ जून २०२२ रोजी एक्स्प्लोरर ११ हा अखेरचा ब्राउझरही निवृत्त झाला. तरीही जुन्या कार्यालयीन प्रणालींसाठी ‘एज’ ब्राउझरमध्ये एक्स्प्लोररची खास सोय ठेवावी लागली. ती किमान २०२९ पर्यंत राहील, असे मायक्रोसॉफ्टने सांगितले आहे. एका ब्राउझरच्या मापाने केलेले बांधकाम इतके चिवट ठरले.

९/ सातपूरच्या कारागिराला देखभालीचे महत्त्व कोणी शिकवायला नको. लेथला वंगण, तशी ब्राउझरला नवी आवृत्ती. सही अडण्याची भीती असेल, तर ती नव्या ब्राउझरमध्ये चालते का, हे विवरणपत्राच्या मुदतीआधी तपासून घ्यावे. आणि मगच जुन्याला निरोप द्यावा.