व्हिएतनाममधील कन्फ्यूशियन नीती आणि स्त्रीचा वाटा

चिनी अंमलाच्या सुमारे हजार वर्षांत कन्फ्यूशियसची शिकवण व्हिएतनामात रुजली. तिला भरभक्कम राजाश्रय मिळाला तो मात्र स्वातंत्र्यानंतर. हनोईत १०७० मध्ये साहित्यमंदिर उभे राहिले, १०७५ मध्ये पहिली राजपरीक्षा झाली आणि पंधराव्या शतकात ले राजवंशाने हीच शिकवण राज्यकारभाराचा पाया मानली. राजा-प्रजा, पिता-पुत्र व पती-पत्नी हे तिचे तीन बंध. स्त्रीने आधी पित्याच्या, मग पतीच्या आणि वैधव्यात पुत्राच्या आज्ञेत राहावे, हा दंडक मनुस्मृती ठाऊक असलेल्या वाचकाला अपरिचित वाटणार नाही.

ले राजवंशाची ‘होंग दुक’ संहिता मात्र निराळे बोलते. तीत मुलींना वारसाहक्क होता. मुलगा नसल्यास पितरांच्या पूजेसाठी राखलेली जमीनही थोरल्या मुलीकडे जाई. पतीने पाच महिने पत्नीकडे पाठ फिरवली, तर तिला विवाहबंधनातून मोकळे होता येई; अपत्य असल्यास ही मुदत वर्षाची. ग्रंथातील नीतीपुढे देशी रीतीला कायद्यानेच मान दिला होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी न्गुयेन राजवंशाने चीनच्या छिंग कायद्याबरहुकूम नवी संहिता आणली आणि यांतील बऱ्याच तरतुदी गळाल्या. राजपरीक्षा १९१९ पर्यंत चालल्या. त्यांना बसण्याची मुभा स्त्रियांना कधीच नव्हती.