मागच्या रांगेतला आवाज

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात गेल्या वर्षी माझ्या विनोदी लेखांचं वाचन ठेवलं होतं. 'ठेवलं होतं' म्हणजे संगीत खुर्ची आणि पाककृती स्पर्धेचा निकाल यांच्यामध्ये पंचवीस मिनिटं रिकामी राहत होती आणि मी फुकट होतो. पहिलं पान वाचून झालं, दुसरंही झालं. तिसऱ्या पानावर माझा हुकमी विनोद आहे. जलद गाडी लहान स्टेशनावरून न थांबता जावी, तसा तो आला आणि निघून गेला. त्यानंतरच्या शांततेत दुसऱ्या रांगेतल्या सात-आठ वर्षांच्या चिरंजीवांनी आईला खणखणीत आवाजात विचारलं, "आई, काकांचा विनोद कधी सुरू होणार?"

त्या संध्याकाळचा सगळ्यांत मोठा हशा त्या वाक्याला मिळाला. आईने मुलाला गप्प केलं, पण हसत हसत. आमची ही तर पदर तोंडाला लावून हसत होती. हे मी स्टेजवरून स्वतः पाहिलं.

अपमान झाला की काही माणसं देवळात जातात, काही हॉटेलात. मी इतिहासात जातो. आपल्यापेक्षा फार मोठ्या माणसांचे अपमान वाचले की पोटात गार वाटतं. तेव्हा 'स्टेजवरच्या माणसाला छळणारा प्रेक्षक' हा विषय घेऊन मी महिनाभर पुस्तकं पिंजून काढली. इंग्रजीत अशा प्रेक्षकाला 'हेकलर' म्हणतात, आणि तो शब्दसुद्धा मूळचा पिंजण्यातलाच निघाला! जवसाच्या धाग्यांतला गुंता सोडवायला लोखंडी दात्यांची एक फणी असे. ती चालवणारा तो हेकलर. स्कॉटलंडमधल्या डंडी गावचे हे कामगार भलतेच तोंडाळ होते म्हणे. एकाने वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी दर ओळीला आडवं लावायचं, अशी त्यांची रीत सांगतात. पुढे निवडणुकीच्या सभेत उमेदवाराला असंच विंचरायची पद्धत स्कॉटलंडात पडली, आणि तिथून हा शब्द रंगभूमीवर आला. चिरंजीवांच्या हातात फणी नव्हती, पण दाते तेच होते.

आता हे लोक काल-परवा जन्माला आले असं कुणाला वाटत असेल, तर त्याने भरताचं नाट्यशास्त्र उघडावं. आपल्याकडे पहिल्या नाटकालाच पहिला गोंधळ झाला. प्रसंग इंद्राच्या ध्वजोत्सवाचा. नाटकात देवांनी दैत्यांचा पराभव केलेला दाखवला होता, आणि दैत्य समोर बसलेले. विरूपाक्षाच्या पुढाकाराने दैत्य आणि विघ्नं अशी खवळली, की नटांची वाचा बंद झाली, हालचाल थांबली आणि पाठांतर विसरलं. हे वाचून मला फार धीर आला. खुद्द भरतमुनींच्या नटांचं पाठांतर जातं, तिथं सोसायटीच्या गणपतीत माझं काय!

याच ग्रंथात पुढे प्रयोगात येणाऱ्या विघ्नांची यादी आहे. मत्सराने किंवा वैराने आलेले प्रेक्षक काय काय करतात? नको तिथे मोठ्याने हसतात, रडतात, आरडाओरडा करतात, शेण फेकतात, ढेकळं मारतात आणि मुंग्या सोडतात. होय, मुंग्या. शेण आणि ढेकूळ मी समजू शकतो, वाटेत सापडतं. पण घरून निघताना मुंग्या गोळा करून बरोबर घेणाऱ्या माणसाची तयारी बघा! आमच्या नटांची तालीम तरी तेवढी असते का?

असल्या प्रेक्षकाचं करायचं काय, याचे उपाय मानवजातीने शोधले ते अखेर आपले चारच: साम, दाम, दंड आणि भेद.

दंडाचा मान इंद्राकडे जातो. त्याने आपला ध्वजच उचलला आणि विघ्नांना झोडपून त्यांची शरीरं जर्जर केली. म्हणून त्या काठीचं नावच 'जर्जर' पडलं, आणि पुढे प्रयोगापूर्वी तिची पूजा होऊ लागली. अथेन्समध्येही नाटकाच्या वेळी सुव्यवस्था राखायला छडीवाले नेमलेले असत. हा उपाय झटपट खरा. पण ज्याला काठीने गप्प बसवलं तो नंतर तुमच्या विनोदाला हसेल, ही आशा सोडावी लागते.

इंद्राच्या काठीनेही भागलं नाही तेव्हा ब्रह्मदेवाने साम वापरलं. त्याने विघ्नांना बोलावून विचारलं, की बाबांनो, तुमची तक्रार काय? विरूपाक्ष म्हणाला, हे नाटक देवांच्या बाजूचं आहे, आमची त्यात बेअब्रू आहे. ब्रह्मदेवाने समजूत घातली, की नाट्य हे एकट्या देवांचं नाही, तिन्ही लोकांत जे घडतं त्याचं ते अनुकरण आहे, तुम्हीही त्यात आहात. मला हा प्रसंग सगळ्यांत आवडला. दंगा करणाऱ्याला काहीतरी लागलेलं असू शकतं, हे ओळखणारा तो पहिला नाट्यव्यवस्थापक.

दामाचा उपाय ग्रीकांनी केला. काही विनोदी नाटकांत नोकराचं काम करणारा नट टोपलीतून प्रेक्षकांत अक्रोड-बदाम उधळायचा. इ. स. पूर्व ४२२ मध्ये अ‍ॅरिस्टोफनिसने आपल्या नाटकात मुद्दाम सांगून टाकलं, की आमच्याकडे असला स्वस्तातला प्रकार नाही. आदल्याच वर्षी त्याचं 'मेघ' नाटक स्पर्धेत तीनपैकी तिसरं आलं होतं. नंतर त्या नाटकाची नवी संहिता करताना त्याने प्रेक्षकांनाच त्याबद्दल सुनावलं. म्हणजे दामही नाही आणि सामही नाही! बदाम वाटले असते तर दुसरा तरी आला असता. खाण्यावरून आठवलं. अ‍ॅरिस्टॉटलने नोंदवून ठेवलंय, की नट वाईट असले म्हणजे प्रेक्षक जास्त खाऊ खातात. आमच्या नाट्यगृहांत वेफर्सच्या पुड्यांचा आवाज ऐकला की मला त्या थोर तत्त्ववेत्त्याची आठवण येते.

दामाचा उलटा अनुभव लंडनला आला. तिथलं कॉव्हेंट गार्डन नाट्यगृह १८०८ मध्ये जळालं. १८०९ च्या सप्टेंबरात नवं उघडलं, आणि बांधकामाचा खर्च काढायला तिकिटाचे दर वाढवले. पिटाचं तिकीट साडेतीन शिलिंगांवरून चार झालं. अर्धा शिलिंग! पण पहिल्याच रात्री 'मॅकबेथ' चालू असताना लोक उभे राहिले आणि "जुने दर! जुने दर!" असं ओरडू लागले. हे सदुसष्ट रात्री चाललं. तिकीट काढून आत यायचं आणि तिकीट महाग आहे म्हणून ओरडायचं, हा बाणेदारपणा खास मध्यमवर्गीय आहे, त्यासाठी लंडनला जायची गरज नाही. अखेर व्यवस्थापक केम्बलने माफी मागितली, पिटाचं तिकीट पुन्हा साडेतीन शिलिंग झालं, आणि मगच नाटक ऐकू येऊ लागलं.

राहिला भेद. ही कला खरी आपल्या सोंगाड्याची. लहानपणी आजोळच्या जत्रेत मी तमाशा पाहिला (म्हणजे मामाच्या घोंगडीखाली बसून चोरून पाहिला). बतावणी रंगात आली असताना मागून एकजण ओरडला, "आरं, आवर की लवकर!" सोंगाड्या थांबला, कपाळावर हात धरून अंधारात बघितलं आणि म्हणाला, "पाव्हणं, कारभारणीनं पीठ आणाया धाडलंय जनू!" सगळं मैदान हसलं. ओरडणारा एकटा पडला आणि बाकीचे हजारजण सोंगाड्याचे झाले. भेद तो हाच. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके ह्याच तालमीतली हजरजबाबी करत, आणि शहरातले पांढरपेशे लोक त्यासाठी पुन्हा पुन्हा तिकीट काढत.

विलायतेत मात्र सगळ्यांनाच हे जमलं नाही. ग्लासगोचं एम्पायर थिएटर इंग्रज विनोदवीरांचं कब्रस्तान म्हणूनच प्रसिद्ध होतं. डेस ओकॉनर नावाचा विनोदवीर तिथं एकदा लोक हसेनात तेव्हा चक्क स्टेजवर कोसळला. पुढे आयुष्यभर तोच किस्सा सांगून त्याने लोकांना हसवलं. एम्पायर १९६३ मध्ये बंद झालं. १९७९ मध्ये लंडनला कॉमेडी स्टोअर उघडलं, त्यांनी तर घंटाच टांगली. लोक कंटाळून ओरडू लागले की घंटा वाजायची आणि विनोदवीराने उतरायचं. आता घंटा प्रेक्षकांच्या खिशात आली आहे. २०१९ च्या सुमारास मोबाइलच्या ह्या घंटीपायी मराठी नटांना चालू प्रयोग थांबवावे लागले आणि वर्तमानपत्रांत त्यावर बरीच चर्चा झाली. मुंग्या सोडणारा निदान नाटकासाठी तरी यायचा. फोनवर "हां, नाटकात आहे, बोल" म्हणणारा नक्की कशासाठी येतो?

पण चारही उपायांच्या पलीकडचा पाचवा मला रोममध्ये सापडला. टेरेन्स नावाच्या नाटककाराने एक सुखान्तिका लिहिली. नाव 'हेसिरा', म्हणजे 'सासू'. इ. स. पूर्व १६५ मध्ये पहिला प्रयोग लागला, तो दोरीवर चालणारा आणि मुष्टियोद्धे येणार अशी हूल उठून मोडला. इ. स. पूर्व १६० मध्ये पुन्हा लावला. ह्या वेळी तलवारबाज येणार अशी आवई उठली, लोक जागेसाठी मारामारी करू लागले आणि सासू पुन्हा घरी गेली. त्याच वर्षी तिसऱ्यांदा लावला, तेव्हा अँबिव्हियस टर्पिओ हा म्हातारा नट प्रयोगाआधी पुढे आला. त्याने दोन्ही फजित्या लोकांना सरळ सांगितल्या आणि ह्या खेपेला शांतपणे ऐका अशी विनंती केली. लोकांनी ऐकलं. सासूचं संपूर्ण ऐकून घ्यायला रोमला पाच वर्षं लागली. आपल्याकडे हा काळ कमीच मानतील.

इथवर वाचून मी खुशीत होतो. सगळीकडे मी स्वतःला टर्पिओच्या जागी उभं करत होतो. मग एका रात्री झोप लागेना, आणि आठवलं, की इतिहासात माझी खरी जागा दुसरीच आहे.

१९७४ सालचं आमच्या कॉलेजचं गॅदरिंग. फिशपाँड होऊन गेले होते, पोरं चेकाळली होती. आमच्या वर्गातला एक अबोल मुलगा नकला करायला स्टेजवर आला. त्याने रेल्वे फलाट उभा केला. हमाल झाला, भांडणारी म्हातारी झाली. बरं चाललं होतं. चहावाला सुरू करताना तो क्षणभर अडखळला आणि मागच्या रांगेतून एक आवाज आला, "गाडी सुटली रे, उतर आता!" हॉल कोसळला. तो कसनुसा हसला. चहावाला पुन्हा सुरू केला, आवाज फाटला. मग 'धन्यवाद' म्हणून तो आत गेला. माझ्या पाठीवर चार दिवस थापा पडत होत्या. होय, तो आवाज माझा.

पुढे वीस-बावीस वर्षांनी तो एका लग्नात पंगतीला शेजारी आला. बँकेत अधिकारी झाला होता. जिलबी वाढून झाल्यावर मी सहज म्हटल्यासारखं विचारलं, "नकला करतोस का अजून?"

"छे रे. त्या गॅदरिंगनंतर नाहीच केल्या," तो म्हणाला. "चहावाल्यानंतर खरी गंमत होती. शेवटी तिकिटाच्या खिडकीतला बाबू होता, म्हणजे आमचे वडीलच. ते बुकिंग क्लार्क होते ना! त्या दिवशी मुद्दाम रजा घेऊन आले होते, मागे दाराशी उभे होते. पण कुणीतरी ओरडलं बघ. कोण होतं कोण जाणे."

मी मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावली आणि म्हणालो, "असेल कुणीतरी."

मागच्या रांगेतल्या आवाजाची सगळी ताकद त्या अंधारात असते. सोसायटीतल्या चिरंजीवांनी निदान दुसऱ्या रांगेत, उजेडात, माझ्या तोंडावर विचारलं होतं. प्रश्न रास्त होता. विरूपाक्षानेसुद्धा आपलं नाव लपवलं नाही. मी लपवलं.

ह्या वर्षी सोसायटीने मला पुन्हा पंचवीस मिनिटं देऊ केली आहेत. मी ती घेतलेली नाहीत. बँकेतला माझा तो मित्र आता निवृत्त झालाय असं कळलं. त्याचा पत्ता मी मिळवला आहे, आणि हा लेख छापून आला की त्याची प्रत घेऊन स्वतः त्याच्याकडे जाणार आहे. वाचून झाल्यावर तो मला दंड करो, साम करो, काय वाटेल ते करो. एवढंच मागणार आहे, की ती तिकिटाची खिडकी एकदा पुरी करून दाखव. संगीत खुर्ची आणि पाककृतीच्या मधली जागा रिकामी आहे. मी पहिल्या रांगेत, उजेडात बसेन, मोबाइल बंद करून.