तोल साधणारी जकात : खानदेशातून वाचलेला एक शब्द

कायद्याची भाषा साहित्याच्या अभ्यासकाने दूर ठेवावी, असा आपल्याकडे एक रूढ समज आहे. पण कायद्यातही रूपके असतात, आणि त्यांतले एखादे रूपक पिढ्यानुपिढ्या माणसांच्या मिळकतीवर अंमल गाजवते. इंग्रजी अमलातल्या जकातविषयक कायद्यांतला ‘काउंटरव्हेलिंग’ हा शब्द त्यांपैकी एक आहे. समोरून तितकेच बळ लावून तोल साधणारा, असा त्याचा अर्थ. तोल म्हटला की पारडी आली, आणि पारड्यांत कोणाला बसवायचे हे ठरवणारा हातही आला. त्या हाताचा इतिहास मुंबई-मँचेस्टरच्या दृष्टीने बराच लिहिला गेला आहे. कापूस पिकवणाऱ्या मुलखातून तोच इतिहास वाचला तर निराळा दिसतो, एवढेच येथे दाखवायचे आहे.

हा मुलूख म्हणजे खानदेश. आणि त्यातले उभे राहण्याचे ठिकाण म्हणून मेहरूण घेऊ. जळगावच्या दक्षिणेच्या अंगाला असलेले, तलावासाठी आणि बोरांसाठी नावाजलेले हे गाव आता शहरात सामावून गेले आहे. तेथील तलावाचे पाणी एके काळी जळगावला पुरवले जाई. जळगाव वाढले ते मात्र कापसावर. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला आणि रेल्वेच्या वाटेवरची ही पेठ एकाएकी भरभराटीला आली. कापसात होणाऱ्या भेसळीला आळा घालण्यासाठी मुंबई सरकारला १८६३ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून त्या घाईची कल्पना येते. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि जळगावच्या पेठेला मोठा तडाखा बसला. दूरच्या देशातल्या घडामोडीने आपल्या शेताचा भाव ठरतो, हा धडा खानदेशाने पहिल्यांदा गिरवला तो असा.

पुढे १८७०च्या दशकात जळगावात कापडगिरणी उभी राहिली. नेमक्या याच काळात हिंदुस्थानात येणाऱ्या विलायती कापडावरची आयात जकात काढून टाकावी, असा लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा आग्रह वाढला. लॉर्ड लिटनने १८७९ मध्ये आपल्या कार्यकारी मंडळातील बहुमत डावलून भरड कापडावरची जकात उठवली आणि १८८२ मध्ये लॉर्ड रिपनच्या कारकिर्दीत कापडावरील सारीच आयात जकात गेली. याला खुल्या व्यापाराचे तत्त्व म्हटले गेले.

मराठी वाचकाने येथे एक तारीख लक्षात ठेवावी. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला तो १८८३ मध्ये. विलायतेहून येणाऱ्या मालामुळे कोष्टी, साळी, मोमीन यांसारख्या कारागिरांवर ओढवलेल्या उपासमारीचे वर्णन त्या ग्रंथात आहे. आपण ‘असूड’ शिकवतो तो बहुधा शेतसारा, कर्ज आणि भटशाही यांच्या संदर्भात. पण त्यातला हा भाग जकात उठल्यानंतरच्या दुसऱ्याच वर्षी पुरा झालेल्या ग्रंथातला आहे, हे सांगितले की त्याला वेगळीच धार येते.

रुपयाचा भाव घसरला, सरकारी तिजोरीत तूट पडली, तेव्हा डिसेंबर १८९४ मध्ये विलायती कापडावर आणि सुतावर पाच टक्के आयात जकात पुन्हा बसली. लँकेशायरची समजूत घालण्यासाठी, वीस नंबरावरच्या देशी गिरणी-सुतावरही तितकाच अबकारी कर लादण्यात आला. तेवढ्यानेही समाधान झाले नाही. १८९६ च्या कायद्याने सूत करमुक्त झाले, विलायती कापडावरची जकात साडेतीन टक्क्यांवर आली आणि देशी गिरण्यांत विणलेल्या सर्व कापडावर साडेतीन टक्क्यांचा ‘काउंटरव्हेलिंग’ कर बसला. हातमागाला तेवढे त्यातून वगळले होते.

या ‘सर्व’ शब्दात खरी मेख आहे. पूर्वीचा कर निदान लँकेशायरच्या मालाशी स्पर्धा करू शकणाऱ्या बारीक सुतापुरता होता. नव्या कायद्याने गरिबांच्या अंगावरचे जाडेभरडे कापडही कराखाली आणले. असे कापड मँचेस्टर फारसे धाडतच नव्हते; मग समोरच्या पारड्यात होते तरी काय? खानदेशचा आखूड धाग्याचा कापूस नेमका या भरड सुताच्या कामाचा होता. तेव्हा हा कर कागदोपत्री गिरणीवर असला, तरी त्याचे ओझे कापड वापरणाऱ्यावर आणि कापूस पिकवणाऱ्यावर पडू शकत होते. ‘केसरी’ने या कायद्याविरुद्ध झोड उठवली आणि विलायती कापडावर बहिष्काराची भाषा महाराष्ट्रात वंगभंगाच्या कितीतरी आधी सुरू झाली.

आता त्याच शब्दाचा दुसरा प्रयोग पाहा. जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी येथील सरकारे बीटच्या साखरेच्या निर्यातीस रोख उत्तेजन देत, त्यामुळे ती साखर हिंदुस्थानात स्वस्त विकली जाई. लॉर्ड कर्झनच्या सरकारने १८९९ मध्ये कायदा करून अशा साखरेवर उत्तेजनाच्या प्रमाणात जादा जकात बसवली. तीही ‘काउंटरव्हेलिंग’च. याचा लाभ येथील ऊसवाल्यांबरोबर मॉरिशसच्या ब्रिटिश मळेवाल्यांनाही होता. म्हणजे तीन वर्षांच्या अंतराने एकाच शब्दाने दोन कामे केली : एकदा परदेशी सरकारचे उत्तेजन निष्फळ करणे, आणि एकदा देशी मालाला मिळू शकणारे संरक्षण निष्फळ करणे. आजच्या व्यापार-कायद्यात यांतला पहिला अर्थ टिकला आहे. दुसरा अर्थ मात्र सुमारे तीस वर्षे येथल्या गिरण्यांनी सोसला. आयात जकात १९१७ मध्ये साडेसात टक्के आणि १९२१ मध्ये अकरा टक्के झाली, तरी साडेतीन टक्क्यांचा अबकारी कर डिसेंबर १९२५ पर्यंत चालूच राहिला.

येथवरची कथा राष्ट्रीय इतिहासाच्या चौकटीत सहज बसते. देशी गिरणी पीडित, मँचेस्टर पीडक. पुढचा अंक त्या चौकटीत बसत नाही. १८९३ पासून मुंबई ते कोबे अशी जहाजे नियमित जाऊ लागली होती आणि जपान हे आपल्या आखूड धाग्याच्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक बनले होते. तोच जपान १९३०च्या सुमारास स्वस्त कापड घेऊन आपल्या बाजारात उतरला. गिरणीमालकांच्या मागणीवरून जून १९३३ मध्ये ब्रिटिशेतर कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेण्यात आली. उत्तरादाखल जपानी गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार घातला. मंदीने आधीच मेटाकुटीला आलेल्या शेतकऱ्याला हा दुसरा मार होता. कापड वाचवण्यासाठी उगारलेले हत्यार कापसावर पडले.

अखेर १९३४ चा हिंद-जपान करार झाला. जपानने पंधरा लाख गाठी कापूस घ्यावा, त्या बदल्यात त्याला चाळीस कोटी वारांपर्यंत कापड येथे विकता यावे. गाठी कमी घेतल्या तर कापडाचाही वाटा कमी. आणि जकात ५० टक्क्यांवर यावी, असे त्याचे स्वरूप होते. कापूस आणि कापड एकाच तराजूत समोरासमोर ठेवणारा हा करार होता. ‘देशाचे हित’ म्हणून आपण ज्याला एकसंध समजतो, त्यात गिरणीचे हित आणि शेताचे हित अशी दोन पारडी आहेत, हे त्या कराराच्या कलमांतच मान्य झाले. दोन वर्षांनी, डिसेंबर १९३६ मध्ये, याच खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले आणि शेतकऱ्याच्या प्रश्नाला त्यात अग्रस्थान मिळाले.

स्वातंत्र्यानंतर हात बदलला. पारडी तीच राहिली. अमेरिकेच्या कापूस-अनुदानांविरुद्ध ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली, निकाल जिंकला आणि २०१४ च्या तडजोडीत तीस कोटी डॉलर मिळवले. त्या अनुदानांनी पाडलेला भाव इतर देशांच्या शेतकऱ्यांनीही सोसला होता. भरपाई दावा लढवणाऱ्यालाच मिळाली. भारताने फेब्रुवारी २०२१ मध्ये आयात कापसावर एकूण ११ टक्के शुल्क बसवले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा कापड उद्योगाला दिलासा म्हणून हे ११ टक्के शुल्क १९ ऑगस्टपासून माफ झाले, आणि माफीची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली. नवा कापूस बाजारात येतो तो याच महिन्यांत. १९३३ मध्ये कापडासाठी जकात चढली, २०२५ मध्ये कापडासाठीच उतरली. दोन्ही वेळा कापूस दुसऱ्या पारड्यात होता.

बहिणाबाई चौधरी १८८० मध्ये जळगावजवळच्या असोद्यास जन्मल्या आणि १९५१ मध्ये गेल्या. कापडावरची जकात उठणे, अबकारी कर, जपानी बहिष्कार हे सारे त्यांच्या हयातीतले. त्यांच्या ओव्यांतल्या शेताचा संसार आपण वर्गात कौतुकाने उलगडून दाखवतो. त्या शेताचा भाव ठरवणारे कायद्याचे मजकूरही त्याच काळाचे मजकूर आहेत. ‘असूड’ शिकवताना १८८२ चा निर्णय आणि बहिणाबाई शिकवताना १९३४ चा करार फळ्यावर लिहिला, तर विद्यार्थ्याला कवितेतले शेत कमी सुंदर दिसेल असे वाटत नाही. ते कोणत्या तराजूत उभे होते, एवढे मात्र कळेल.