विजेच्या मोटारींतील थोरली आणि धाकटी

महाग मोटारीचें मोल तिच्या पोलादांत आणि कातड्याच्या बैठकींत असतें; तितकेंच तें शेजाऱ्याजवळ तशी मोटार नसण्यांतही असतें. अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीला हें सोसून कळलें. पॅकार्ड म्हणजे धनिकांची गाडी, अशी तिची ख्याति. १९२९ नंतरच्या मंदींत गिऱ्हाईक आटलें, तेव्हां १९३५ सालीं कंपनीनें हजार डॉलरच्या आसपास किंमतीची 'वन-ट्वेंटी' ही गाडी काढली. धंदा तरला, १९३७ सालीं एक लाखाहून अधिक गाड्या तयार झाल्या. पण साध्या नोकरदाराच्या दारांतही तेंच नांव दिसूं लागल्यावर कोट्यधीश मंडळी कॅडिलॅककडे वळली. १९५८ नंतर पॅकार्ड नांवाची गाडी निघाली नाहीं. या अस्ताचीं कारणें अनेक. त्यांत हेंही एक, असें जाणकार मानतात.

२००३ सालीं कॅलिफोर्नियांत स्थापन झालेल्या टेस्ला कंपनीनें हीच वाट उघड्या डोळ्यांनीं धरली. आधीं महाग गाडी विकावी, तिच्या पैशांतून कमी किंमतीची करावी, आणि त्या पैशांतून त्याहूनही स्वस्त, हा बेत ईलॉन मस्क यांनीं २००६ सालींच छापून जाहीर केला होता. २००८ सालीं लाख डॉलरची 'रोडस्टर' आली, २०१२ सालीं 'मॉडेल एस', आणि २०१७ च्या जुलैंत धाकटी 'मॉडेल ३'. हिची किंमत ३५ हजार डॉलर राहील, असें आदल्या वर्षीं सांगण्यांत आलें होतें.

येथें पेट्रोलची आणि विजेची मोटार यांतील भेद ध्यानांत घ्यावा लागतो. पेट्रोलच्या गाडींत श्रीमंत मनुष्य पैसे मोजी तो बारा सिलिंडरांच्या मऊ, निःशब्द ओढीसाठीं. तें सुख स्वस्तांत देणें कठीण होतें. विजेच्या मोटरीला मात्र तें जन्मजातच असतें. गरीब गाडीही तितकीच मुकाट्यानें पळते. रोडस्टरला ताशी ६० मैलांचा वेग गांठण्यास सुमारे ३.९ सेकंद लागत. २०१८ सालच्या वेगवान मॉडेल ३ ला, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणें, ३.५ सेकंदच पुरत. थोरलीजवळ उरलें तें प्रशस्त जागेचें सुख आणि लांबचा पल्ला. २०१९ सालीं मॉडेल एस एका भरणींत ३७० मैल जाई, धाकटी ३१०. साठ मैलांसाठीं हजारों डॉलर जास्त कां मोजावे, हा हिशेब कोणत्याही गृहिणीला कळेल. गिऱ्हाइकांनाही तो कळला. २०१८ सालीं मॉडेल एस आणि मॉडेल एक्स मिळून सुमारे ९९ हजार गेल्या. २०१९ सालीं सुमारे ६७ हजार. त्याच वर्षीं मॉडेल ३ तीन लाखांच्या घरांत गेली.

खरा घाव २०२३ च्या जानेवारींत बसला. अमेरिकेंत कंपनीनें धाकट्यांबरोबर थोरल्यांच्याही किंमती एकाएकीं उतरवल्या. मॉडेल एसच्या सर्वांत महाग प्रकाराची किंमत सुमारे २१ हजार डॉलरनें घटली. नवीच गाडी इतक्या कमी पैशांत मिळूं लागल्यावर आदल्या महिन्यांत घेतलेल्या गाडीला जुना भाव कोण देणार? चीनमध्यें तर नुकत्याच गाड्या घेतलेले लोक दुकानांवर निषेध करीत जमले. पॅकार्डच्या मालकाची प्रतिष्ठा हळूहळू झिजली होती. या मालकांचें नुकसान एका रात्रींत आंकड्यांत दिसलें.

या ओढाताणींतून सुटली ती पहिली रोडस्टर. ती अवघी अडीच हजारांच्या आंत निघाली आणि २०१२ सालीं बंद झाली. धाकट्या भावंडांनीं तिला वेगांत केव्हांच मागें टाकलें, तरी जुन्या गाड्यांचे शौकीन तिचा शोध घेतात.