रूपांतर आणि स्वतंत्र निर्मिती : भा. रा. भागवत यांचे अद्भुतलेखन

इंग्रजी अद्भुतकादंबरीच्या अलीकडील इतिहासात 'फॅन फिक्शन' या लेखनप्रकाराची दखल घ्यावी लागते. आवडत्या कलाकृतीतील पात्रे घेऊन वाचकाने रचलेली नवी कथा, असे त्याचे स्वरूप. अमेरिकन लेखिका नाओमी नोविक यांनी अशाच लेखनावर हात बसविला आणि २००६ मध्ये 'टेमेरेअर' या ड्रॅगनमालिकेतील पहिली कादंबरी प्रसिद्ध केली. मराठीत याच्याशी जवळचे नाते सांगणारी वाटचाल भास्कर रामचंद्र भागवत (१९१०–२००१) यांची आहे. मात्र एक भेद आरंभीच नोंदविला पाहिजे. फॅन फिक्शनचा लेखक पात्रे उसनी घेतो व घटना स्वतःच्या रचतो. भागवतांनी घटना उसन्या घेतल्या आणि त्यांना भाषा व घर दिले.

ज्यूल व्हर्न हे त्यांचे आवडते लेखक. 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत सफर', 'समुद्रसैतान' ही व्हर्नचीच रूपांतरे. 'मुक्काम शेंडेनक्षत्र' हे शीर्षक तर मुद्दाम पाहण्यासारखे आहे. मूळ कादंबरी (१८७७) पृथ्वीला घासून जाणाऱ्या धूमकेतूवर अडकलेल्या माणसांची. भागवतांनी 'धूमकेतू' हा संस्कृत शब्द टाळून खेड्यापाड्यांतला 'शेंडेनक्षत्र' घेतला आणि त्याआधी पत्रावरील पत्त्यात शोभणारा 'मुक्काम' जोडला. अंतराळातील भयप्रद अपघात एका शब्दात ओळखीचा झाला. 'स्वारी' या शब्दामागेही मराठ्यांच्या मोहिमांची आठवण आहेच. लुईस कॅरलची ॲलिस त्यांच्याकडे आली ती 'जाई' होऊन, 'जाईची नवलकहाणी'मध्ये. याला केवळ भाषांतर म्हणणे अपुरे ठरते.

तरीही रूपांतराला दुय्यम मानण्याची मराठी समीक्षेची सवय जुनी आहे. तिच्या हिशेबात भागवतांचे निम्मे कर्तृत्व गळून पडते व उरतो तो एकटा फास्टर फेणे. परंतु फास्टर फेणेची घडण या रूपांतरांपासून तोडून समजत नाही. व्हर्नच्या प्रवाशाचे कुतूहल आणि संकटातून युक्तीने सुटण्याची तयारी बनेश फेणेत पुरेपूर उतरली आहे. प्राध्यापकी व्याख्याने तेवढी गळाली; ते बरेच झाले! वाहन पाणबुडीऐवजी सायकल. गाव फुरसुंगी, म्हणजे शिरूर व दौंड या दोन्ही तालुक्यांना लागून असलेल्या हवेली तालुक्यातले; शाळा पुण्याची विद्याभवन. जिभेने 'ट्टॉक्' करणारा हा किडकिडीत मुलगा 'जवानमर्द फास्टर फेणे'मध्ये थेट चिनी आक्रमणाच्या धामधुमीत पोहोचतो. अशक्यप्राय साहसाला ओळखीचा पत्ता देण्याची हातोटी शेंडेनक्षत्रावरच्या मुक्कामाइतकीच येथेही दिसते. 'बिपिन बुकलवार' हा त्यांचा दुसरा नायक तर पुस्तकांचा फडशा पाडणारा वाचकच आहे. 'उडती छबकडी' या स्वतंत्र विज्ञानकादंबरीच्या शीर्षकातही उडत्या तबकडीशी केलेली तीच शाब्दिक खोडी आढळते.

पुढे भागवतांची पात्रेही इतरांच्या हाती गेली. २०१७ मध्ये आदित्य सरपोतदार दिग्दर्शित 'फास्टर फेणे' या चित्रपटात बनेश तरुण झाला, कथानक नवे रचले गेले आणि खुद्द भा. रा. भागवत हेच त्यातील एक पात्र झाले. ती भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी केली.