फाउलरची बाटली आणि यॉर्कचे ऊन पाणी

१७९० च्या मार्च महिन्यात लीड्सची हॅना मिल्स ही क्वेकर पंथाची विधवा, मनाने खचलेली, यॉर्कच्या वेड्यांच्या इस्पितळात दाखल झाली. आप्त दूर राहत. म्हणून त्यांनी यॉर्कमधील आपल्या पंथबंधूंना तिची विचारपूस करण्यास विनविले. ते गेले, परंतु त्यांना भेट नाकारण्यात आली. एप्रिलच्या अखेरीस ती वारली. घरापासून दूर नोकरी करणाऱ्या आम्हां मंडळींना हा वृत्तांत परक्या देशाचा वाटत नाही.

पुढे विल्यम ट्यूक या चहाच्या व्यापाऱ्याने पंथातून निधी उभारून १७९६ मध्ये शहराबाहेर एका उंचवट्यावर 'रिट्रीट', म्हणजे विसाव्याची जागा, उघडली. इस्पितळ हा शब्द मुद्दाम टाळला होता. तेथे नित्य भेट देणारे पहिले वैद्य टॉमस फाउलर. सोमलाच्या ज्या द्रावणाला त्यांचे नाव शतकाहून अधिक काळ चिकटून राहिले, तेच हे फाउलर! त्यांनी रक्त काढून पाहिले, त्वचेवर फोड उठवून पाहिले, रेच दिले, नानाविध औषधे चालविली. आणि अखेर यांतून फारसे काही साधत नाही असे प्रांजळपणे मान्य केले. विषण्ण रोग्यांपैकी बहुतेकांना गुण येतो तो एका ऊन पाण्याच्या स्नानाने, असा त्यांचा निष्कर्ष होता. स्वतःच्या नावाची बाटली असलेल्या वैद्याने हे म्हणावे, याला आम्ही मोठे धैर्य समजतो.

झोपेची गोष्ट तर अधिकच घरगुती. पोट भरले की प्राणिमात्र निजतो, हे व्यवस्थापक जॉर्ज जेप्सन यांच्या ध्यानी आले. अफू जेथे हरे तेथे मांस किंवा पाव-चीज आणि पोर्टर नावाची काळी बीअर असे भरपेट रात्रीचे जेवण पुष्कळदा उपयोगी पडले. आमच्या आजीला यात नवे काहीच वाटले नसते. पोर्टर तेवढी तिने वगळली असती. याखेरीज बागकाम, शिवणकाम, फिरणे, चहापानाला बोलावणे. अंगणात ससे, कोंबड्या, समुद्रपक्षी, ससाणेही पाळलेले असत.

साखळी तेथे नव्हती. पट्टे आणि हात जखडणारा अंगरखा मात्र प्रसंगी वापरीत. खिडक्यांच्या लोखंडी चौकटी लाकडी भासाव्यात अशा घडविल्या होत्या. १९६१ मध्ये मिशेल फूको या फ्रेंच विचारवंताने असा आक्षेप घेतला, की येथे बेडी अंगावरून काढून मनात घातली गेली. आक्षेपात तथ्य आहे. पण बेडी प्रत्यक्ष अंगावर असलेल्याने तो घेतला असता काय, याची आम्हांस शंका वाटते.

१८१३ मध्ये विल्यमचे नातू सॅम्युएल ट्यूक यांनी या सर्व प्रयोगाचे वर्णन छापले. जुन्या इस्पितळाला ते झोंबले, वर्तमानपत्रांत वाद पेटला, आणि गॉडफ्री हिगिन्स नावाच्या दंडाधिकाऱ्याने चौकशीचा पाठपुरावा केला. १८१४ च्या मार्चमध्ये स्वयंपाकघराजवळचे एक बंद दार त्यांनी हट्टाने उघडावयास लावले. आत घाणीने भरलेल्या चार लहान कोठड्या होत्या. त्यांतून त्या सकाळी १३ स्त्रिया बाहेर काढल्याचे त्यांना सांगण्यात आले. हॅना मिल्सला जाऊन तेव्हा २४ वर्षे होत आली होती.